लिंकवरची लाल गोधडी

मला सावरलं ते जळगावात स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या अक्कांनी. त्यांचं नाव मी अजून विचारलेलं नाही.

सातवीत शाळा सुटलेली मी, कोकणातून इतक्या लांब येऊन गोधड्या शिवते. वेबसाइट झाली, पण लिंक पाठवली की लोक नुसतं हात जोडल्याचं चित्र धाडायचे. दिवाळीपर्यंत गिऱ्हाईक आलं नाही तर शिवणं सोडून परत जायचं, असं ठरलं होतं.

हे ऐकून अक्कांनी शाईचा अंगठा पदराला पुसला, मगच माझा मोबाइल हातात घेतला.

"लिंकबरोबर कुलदेवीचा फोटो जातोय, ताई. लोक पाया पडतात नि पुढे जातात."

"पण आधी देव नको?" मी घाबरले.

"देव दुकानात वर शेच ना! दारात मात्र माल टांगतात." 'आहे', 'आहेत'ला अक्का खानदेशी बोलीत 'शे', 'शेत' म्हणतात.

वेबसाइटवर देवी होती तिथेच राहिली. अक्कांनी मला दाराच्या उजेडात लाल गोधडी धरायला लावली आणि लिंकसोबत तो फोटो जोडला. त्यात माझी बोटं आली होती.

"असू द्या. शिवणारीची बोटं शेत ती."

संध्याकाळी धुळ्याहून विचारणा आली, "हीच लाल मिळेल का?"

पुढची लाल गोधडी मी विकणार नाही. ती अक्कांच्या अंगावर स्वतः पांघरीन, आणि तेव्हा नाव विचारीन.