सोबत कोण आहे?

मी निघाले त्या दिवशी आई विमानतळावर आली नाही. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर तिचे बोंबील वाळत होते आणि "कावल्यांवर सोडून येऊ काय?" एवढंच तिचं म्हणणं होतं. गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी होती. तिनं माझ्या कपाळावर क्रूस काढला, बॅगेत सुकटीची पुडी कोंबली, "जेवनाच्या टायमाला जेव गो बाय" म्हणाली आणि गाडी सुटायच्या आत माघारी वळली. बाबा जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती आणि मी एकुलती एक. मला तिचा भयंकर राग आला. विरारचा फाटा ओलांडेपर्यंत मी खिडकीबाहेर पाहिलंसुद्धा नाही.

आता इंग्लंडात मी म्हाताऱ्या माणसांच्या एका केअर होममध्ये नर्स आहे. नर्स व्हायचं वेड मला लागलं ते आमच्या चर्चमागच्या सिस्टरांच्या दवाखान्यात. दोन खोल्या, एक व्हरांडा आणि आठवड्यातून एकदा येणारा डॉक्टर. पाड्यांवरून चालत आलेले आदिवासी, बंदरावरचे कोळी, ख्रिस्ती आणि हिंदू, सगळे एकाच बाकावर नंबर लावून बसायचे. कोणाची जखम कितीही घाण असो, सिस्टर ब्रिजित खाली बसून धुवायच्या. शाळा सुटली की मी त्यांच्याकडे बँडेजं गुंडाळत बसायची. आज मी दुसऱ्यांच्या आयांना उठवते, आंघोळ घालते, भरवते. रविवारी त्यांच्या मुली फुलं घेऊन येतात आणि मला "तू किती प्रेमळ आहेस" म्हणतात. मी हसते. खरं सांगायचं तर दमलेली असते. शिफ्ट संपली की बूट काढायचाही कंटाळा येतो.

तुम्ही जे अर्नाळ्यातच राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून आलात, त्या सगळ्यांना ही गोष्ट सांगायचीय, कारण एकटीनं बाळगून ती जड झालीय.

इथल्या चर्चमध्ये वर्षातून एका रविवारी मिशनच्या दवाखान्यांसाठी दान गोळा करतात. यंदा मीच फादरना आमच्या सिस्टरांचं नाव सुचवलं होतं. मिस्साची प्रार्थना संपल्यावर पडद्यावर फोटो लागले. व्हरांडा तोच, बाक तोच. आणि बाकावर तिसरी, निळी फाइल मांडीवर घेऊन बसलेली, माझी आई! फादर म्हणत होते, ज्यांना दुसरीकडे कुठंच उपचार मिळत नाहीत, अशी ही माणसं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आई दर शुक्रवारी सिस्टरांना मासळी पोचवायची, वेळ असला तर औषधांच्या पुड्याही बांधून द्यायची. मी सरळ उठून उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, ती माझी आई आहे, पेशंट नाही, मदतीला जाते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही ऐटीत खाली बसले आणि दानाची थाळी आली तेव्हा नोट टाकली.

घरी येऊन आईला फोन केला आणि फोटोचा सगळा किस्सा हसत हसत सांगितला.

"मदतीला नव्हती बसली गो," ती म्हणाली. "नंबर लावून बसली होती."

पायाला जखम, साखरेमुळं न भरणारी. चार महिने सिस्टर ब्रिजित ड्रेसिंग करत होत्या. मी चिडले, ओरडले. पैसे पाठवते ना मी? चांगल्या हॉस्पिटलात का गेली नाहीस?

"पैसे हायत. पन तिथं गेलं का पयला सवाल, सोबत कोन हाय? दोनदा गेली, दोनदा तसाच इचारला. सिस्टर लोक नाय इचारत."

मी स्वतः हा प्रश्न रोज विचारते. नवीन म्हातारी दाखल झाली की माझा पहिला प्रश्न तोच असतो, हिच्यासोबत कोण आहे?

मग सिस्टर ब्रिजितना फोन लावला. त्या रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. म्हणाल्या, अंगठा काढावा लागेल, उशीर केला तर पाय जाईल. आपल्याकडे ते होत नाही, वसईच्या हॉस्पिटलात करायला हवं. खर्च आम्ही बघू म्हटलं, सोबत येते म्हटलं, तर तुझी आई ऐकेना. "सही माजी बाय आल्यावर करील" म्हणून बसलीय. आणि तुला कळवायचं नाही अशी शपथ घातलीय.

दहा दिवसांची रजा मिळाली. आले. घर होतं तसंच होतं, फक्त उंबऱ्यापाशी सिस्टरांनी दिलेली काठी टेकून ठेवलेली होती. आईनं पाय दाखवला नाही. मी जबरदस्तीनं पाहिला. दुसऱ्यांच्या आयांचे असे पाय मी कितीतरी पाहिलेत, पण त्या दिवशी बाहेर ओट्यावर जाऊन रडले. घर म्हटलं की मला कायम वाळत घातलेले बोंबील आणि समुद्र आठवायचा. आता तो पायच आठवेल.

हॉस्पिटलात काउंटरवरच्या मुलीनं मान वर न करता विचारलं, "आजी, सोबत कोण आहे?"

"कोन नाय," आई म्हणाली.

मी तिच्या मागंच उभी होते. हात तिच्या खांद्यावर होता. ती दचकून वळली आणि ओशाळं हसली. "अगो, तू हायस ना. इसरलीच मी."

मी फॉर्म पुढं ओढला. नातं, मुलगी. सही केली. खाली नातेवाइकाच्या मोबाइल नंबरासाठी दहा चौकटी होत्या. माझा तिकडचा नंबर त्यात मावेना. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "इथला द्या. रात्रीबेरात्री फोन केला तर येणारं कोण आहे?"

मी सिस्टर ब्रिजितचा नंबर लिहिला.