बिनगळाची नळी

उज्ज्वलावहिनींचा फोन आला तेव्हा मी सुपरमार्केटच्या दाराशी रांगेत होते. आत मोजकीच माणसं सोडत होते आणि प्रत्येकाला ट्रॉली सक्तीची. "अगं, मिलिंद गेला," एवढंच त्या म्हणाल्या. मागचा गृहस्थ मास्कमधून ओरडला, पुढे सरका... रिकामी ट्रॉली तिथेच सोडून मी सायकल काढली.

मिलिंददादा माझे नात्यातले कुणी नव्हते. नागपुरात माझ्या बाबांबरोबर चळवळीची पत्रकं लिहिणारा, छापणारा, भिंतींवर चिकटवणारा हा तरुण पुढे बटाट्यावरच्या रोगांचा अभ्यास करायला इथे डच मुलखात, वाखनिंगनच्या विद्यापीठात आला आणि इथलाच झाला. मी शिकायला आले ती त्यांच्याच घरी उतरले. ज्यांची पत्रकं वाचत मी अक्षरं गिरवली, ते दादा जेवणाच्या टेबलाशी बसून पितळेच्या नखाएवढ्या नळीवर रंगीत केस गुंडाळत होते! मला भयंकर राग आला.

"दादा, हे काय?"

"माशी."

"ही माशी वाटते?"

"सॅल्मनला वाटली म्हणजे झालं. तू काय गिळणार आहेस?"

दर उन्हाळ्यात ते गाडी काढून नॉर्वेतल्या एका नदीवर अशा खोट्या माशीनं सॅल्मन मासे धरायला जात. नळी लहान पण वजनदार हवी, ते सांगत. गार पाण्यात मासा तळाशी असतो, हलकी माशी प्रवाहाबरोबर त्याच्या डोक्यावरून निघून जाते. दोरी नळीतून ओवायची आणि टोकाला गळ बांधायचा. मी पंचशीलातल्या पहिल्या शीलाची, जीवहत्या न करण्याची, आठवण करून दिली तर म्हणाले, "मी पकडतो आणि सोडून देतो."

"म्हणजे नुसतं छळता."

"मलाही असंच पकडलं होतं," वहिनी ओट्यापासून म्हणाल्या, "सोडायचं तेवढं राहून गेलं!"

एकदा मी विद्यापीठातलं कुठलंसं भांडण घरी घेऊन आले, तेव्हा दादांनी मला शेजारी बसवलं. "नदीत शिरल्यावर सॅल्मन खाणं सोडतो. मग माशी का धरतो? पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोरून वळवळत जाते म्हणून चिडतो, असं म्हणतात. रागानं चावतो आणि अडकतो. तेव्हा बाई, दिसेल त्या माशीला तोंड उघडू नकोस." मी म्हटलं, "जो चिडत नाही तो मासा मेलेला असतो, दादा." ते खूप हसले होते...

मग कोरोना आला, सीमा बंद झाल्या. नॉर्वे राहिलं. दादा संध्याकाळी ऱ्हाईनच्या काठी उभे राहून गळ न बांधता नुसती नळी फेकत. इथे सॅल्मन धरायला बंदीच आहे. "हात विसरायला नकोत," म्हणायचे. तिथेच मला त्यांचा खोकला पहिल्यांदा ऐकू आला. नळी फेकता फेकता ते मध्येच थांबत आणि काठावरच्या कठड्याला रेलून राहत.

घरच्या डॉक्टरांना, म्हणजे इथल्या हाऊसआर्ट्सना, फोन केला. ते म्हणाले, चाचणी करा. केली, कोरोना नव्हता. मग पॅरासिटामॉल घ्या, वाट पाहा. पुन्हा फोन, पुन्हा तेच. उन्हाळा संपला, दादांच्या कमरेचा पट्टा एकेक भोक आत सरकत गेला, तरी कुणी त्यांच्या छातीला तपासायची नळी लावली नाही. मी म्हणायचे, दवाखान्याच्या दारात जाऊन बसू या. ते म्हणायचे, "त्यांच्यावर केवढा ताण आहे. ज्याला खरी गरज आहे त्याला जागा मिळू दे." अखेर ॲम्ब्युलन्सनं नेलं तेव्हा कर्करोग दोन्ही फुप्फुसांत पसरला होता. मला त्या डॉक्टरांचा राग आहे. दादांचाही आहे. शहराच्या भिंती पत्रकांनी रंगवणाऱ्या माणसाला स्वतःसाठी एक वाक्य मोठ्यानं बोलता येऊ नये?

शोकसभा ऑनलाइन झाली. जो तो दादांच्या संयमाचे गोडवे गात होता. केवढा शांत माणूस, कधी तक्रार नाही! मला ऐकवेना. "त्यांना कुणी तपासलंच नाही, हे कुणी बोलणार आहे का?" कुणीतरी म्हणालं, "ताई, ही वेळ नव्हे," आणि आयोजकांनी बटण दाबून माझा आवाज बंद केला. पडद्यावर माझं तोंड मात्र हलत राहिलं.

मी तक्रार करायची म्हटलं तर वहिनीही नको म्हणाल्या. "मला इथेच राहायचंय गं. उद्या मला ताप आला तर डॉक्टर तेच." मी चिडून महिनाभर त्यांच्याकडे फिरकले नाही. मग एके दिवशी त्यांचाच फोन आला. "डॉक्टरांची वेळ घेतलीय. सोबत चल. पण बोलणार मी."

आम्ही गेलो. वहिनींनी आपल्या तोडक्यामोडक्या डचमध्ये विचारलं, "तुम्ही त्याची छाती का नाही तपासली?"

"तो काळ फार कठीण होता," डॉक्टर म्हणाले.

"छाती ऐकायला किती वेळ लागतो?"

वहिनी हलल्या नाहीत. पुन्हा तोच प्रश्न, त्याच आवाजात. आणि पुन्हा. शेवटी डॉक्टर टेबलाकडे बघत म्हणाले, "मी त्यांना बोलवायला हवं होतं."

बाहेर आल्यावर वहिनींनी मूठ उघडली. आत दादांची पितळी नळी होती. तळहातावर रक्ताचा ठिपका. इतकी वर्षं दादांच्या शेजारी बसून नुसतं पाहिलेली ती गाठ त्यांनी स्वतः बांधली होती.

"गळ लावून आणली होती," त्या म्हणाल्या.

ती नळी आता माझ्या टेबलावर असते. गळ मी काढलेला नाही.