फक्त एवढंच बदललं!

किस्से काही कुणी मुद्दाम साठवत नाही. माळ्यावरच्या रिकाम्या डब्यांसारखे ते आपले आपणच साठतात, आणि एक काढायला जावं तर सगळे अंगावर येतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाहीतर 'घरच्या घरी'चं नुसतं नाव निघालं तरी मला अजून दमल्यासारखं होतं.

'घरच्या घरी' हे आमचे हे ज्या साप्ताहिकात सबएडिटर होते, त्यातलं सदर. सोलापुरात तेव्हा स्वदेशीचा जोर. विलायती साबण नको, विलायती शाई नको, सगळं घरी करा! वाचकांनी कृती पाठवायच्या, ह्यांनी छापायच्या आणि ज्यांनी करून पाहिल्या त्यांनी अभिप्राय कळवायचा. पुढं छापखाना आणि ऑफिस, मागं दोन खोल्यांत आम्ही. मालकांचा नियम कडक होता, "करून पाहिल्याशिवाय छापायचं नाही!" आता करून कोण पाहणार? मालक? छे! मी!

सदरावर ह्यांची नोकरी, आणि नोकरीवर त्या दोन खोल्या. मालक येता-जाता बजावायचेच, "तक्रारी वाढल्या की सदर बंद. मग तुम्हाला तरी ठेवून काय करू?" त्यामुळं वाचक चिडून आला की हे त्याला हळूच मागच्या दारी माझ्यापुढं आणून उभं करायचे. मी चहाचं आधण ठेवायचं आणि ऐकून घ्यायचं. पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "सगळं अगदी तुमच्यासारखंच केलं हो. फक्त..."

त्या 'फक्त'नं माझं निम्मं आयुष्य खाल्लं.

*

मोडनिंबचे एक दुकानदार डबा घेऊन आले. डब्यात पिवळट, बुळबुळीत काहीतरी डुचमळत होतं.

"हा तुमचा साबण," म्हणाले. "फेस येत न्हाय, वडी पडत न्हाय. कपड्याला लावला तर धोतराला भजी तळल्याचा वास सुटला की!"

"काय काय घातलंत?"

"तुमचंच सगळं. फक्त खोबरेल परवडंना, म्हणून घरचं करडईचं तेल घातलं. त्या कॉस्टिकची मंडळींनी धास्ती घेतली, म्हणून पापडखार टाकला. आन् घोटत बसायला येळ कुणाला हाय? पोरांनी दोन-चार वेळा ढवळलं."

मी म्हटलं, "अहो, मग आमचं काय घेतलंत त्यात?"

त्यांनी जरा विचार केला.

"पाणी," म्हणाले. "पाणी बराबर मापानं घातलंय!"

*

शाईची कृती मात्र चांगली होती. हिरडा कुटायचा, लोखंडी कढईत उकळायचा, हिराकस घालायचा, गाळून बाभळीचा डिंक विरघळवायचा. माझी बोटं पुढं कितीतरी दिवस काळी होती, पण शाई झकास उतरली.

वळसंगचे एक मास्तर खास भेटायला आले. चेहरा हसरा बघून मी मनात म्हटलं, चला, एकदाचा कुणीतरी खूष आहे!

"लई बेस शाई, वहिनी! अक्षर कसं चकाकतंय! फक्त डिंक मिळाला न्हाय, तर गूळ घातला. चिकटपणाशी मतलब की!"

"मग? काही अडचण?"

"शाईची कायबी न्हाय. पोरांनी परीक्षेचे पेपर ल्हिले, मी गठ्ठा बांधून कपाटात ठेवला. सकाळी उघडला तर इतिहासाच्या पेपरवर मुंग्याच मुंग्या! काना न्हाय, मात्रा न्हाय. निम्मी अक्षरं कुरतडून नेली."

"अगंबाई! मग मार्क कसे दिले हो?"

"सगळ्यांना पास केलं," मास्तर म्हणाले. "मुंग्यांनी ज्याचं जास्त खाल्लं, त्यानं जास्त ल्हिलं आसणार!"

*

तुम्ही हसताय. हसा. पण ती प्रत्येक कृती आधी माझ्या चुलीवर शिजलेली असायची. घरात एक भांडं असं नव्हतं, की ज्यात बिनधास्त आमटी करावी. आज ज्या पातेल्यात बूटपॉलिश, उद्या त्यात भात कसा लावू? ह्यांचा उत्साह मात्र कधी कमी झाला नाही. संध्याकाळी घरी येणार ते हातात वाटी घेऊनच. मला वाटायचं, एक दिवस तरी ह्या माणसानं आंब्याची पेटी आणावी, गजरा आणावा. पण नाही. डांबरगोळ्या, राळ, मेण, नवसागर!

एकदा दंतमंजनाच्या दोन कृती आल्या. चांगली कुठली ते ठरेना, म्हणून ह्यांनी अर्ध्या दातांना एक आणि अर्ध्यांना दुसरी लावली. मलाही लावायला लावली. त्याच आठवड्यात माझ्या चुलत बहिणीचं लग्न. दात अर्धे काळे, अर्धे पांढरे! आम्ही दोघं सबंध लग्नात तोंडावर रुमाल धरून वावरलो. बिचाऱ्या वरमाईला वाटलं, मांडवात कसला वास येतोय. ती जाऊन ड्रेनेज बघून आली!

मी थकले होते हो. खरंच थकले होते. कामाचं काही नाही, काम बाईला चुकलंय कधी? पण रक्त आटवून केलेली गोष्ट लोकांनी मनाला येईल तशी बिघडवायची, आणि वर खापर आमच्या डोक्यावर फोडायचं, ह्याचा शीण होता.

*

ह्यांनी शेवटी जाड टाइपात सूचना छापली: 'कृती जशीच्या तशी करावी. जिन्नस बदलू नयेत.'

त्यानंतर बाजारातले अब्बासभाई शिंपी आले. त्या दोन मंजनांतलं जे छापलं, त्याचा अभिप्राय द्यायला.

"साब, मंजन भोत अच्छा हुआ. दाढ का दुखना बी गया."

ह्यांना खरं वाटेना. "बदललंत काय त्यात?"

"कुछ नईं बदल्या."

"कापूर कमी घातलात?"

"बराबर डाल्या."

"मीठ? लवंग? बदामाची टरफलं? काहीतरी बदललंच असेल!"

अब्बासभाईंचा चेहरा पडला. माझ्याकडं बघत हळूच म्हणाले, "भाभी, मेरे से कुछ गलती हो गई क्या?"

*

कुर्डुवाडीच्या वर्कशॉपातले एक फिटर होते. ह्यांनी पत्र्याच्या डब्याची, लाकडाच्या भुशावर जळणारी शेगडी छापली होती. साधी गोष्ट. डब्याला खाली भोक पाडायचं, मधे बाटली धरून भोवती भुसा ठासायचा, बाटली काढायची, पेटवायचं.

फिटर बायकोसकट आले. गडी अभिमानानं फुलला होता.

"शेगडी नंबर एक! फक्त तुमचा डबा लई पातळ, म्हणून मी भंगारातली जाड प्लेट घेतली. स्वैपाकघरातच बसून रिवेट मारले. शंभर वर्षं हलायची न्हाय!"

"तेच तर," बायको म्हणाली. "हलतच न्हाय! चौघांनी जोर लावून बघितला. ह्यांची दौंडला बदली झालीया, आन् ती दारातनं भाईर निघंना."

"मग काय केलंत?"

"काय करता? चार्ज देताना तशीच सोडली. नवे फिटर आले क्वार्टर बघायला. शेगडीभोवती एक फेरी मारली आन् इचारलं कसं, 'आधी ही ठेवली आन् मग भिंती बांधल्या का हो?'"

*

इथवर सगळं निभावलं. कलपानं मात्र घात केला.

आवळकाठी आणि मेंदी लोखंडी कढईत भिजवून केस काळे करायची कृती होती. मालकांचे एक वकील मित्र. केस पिकलेले, हौस हिरवी. त्यांनी कलप लावला आणि भर एप्रिलात कोर्टात उभे राहिले. सोलापूरचा एप्रिल, वर काळा कोट! युक्तिवाद रंगात आला तसा कपाळावरून काळा ओघळ निघाला. नाकावरून हनुवटीवर आणि तिथून गळ्यातल्या पांढऱ्याशुभ्र बँडवर टपटप!

जज्जसाहेब शांतपणे म्हणाले, "वकीलसाहेब, लेखी म्हणणं द्यायचं असेल तर कागदावर द्या."

वकीलसाहेब तडक छापखान्यात. मालक लालबुंद. ह्यांनी चाचरत विचारलं, "आपण कृतीत काही बदल...?"

"काडीचा नाही!" वकील गरजले. "फक्त आवळकाठी आणायला कोण जातंय? तुमच्याच शाईचा हिरडा आणि हिराकस घरात उरला होता, तो वापरला. काळं ते काळंच!"

पण मालक ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. "बस्स झालं," म्हणाले. "आता मीच माझ्या घरी एक कृती करून बघतो. साधीतली साधी द्या. छापलीय तशी केली आणि साधली, तर सदर राहील. फसली, तर पुढच्या महिन्यापासून तुम्ही दुसरीकडं बघा. खोल्याही रिकाम्या करा."

*

त्या दिवशी आमच्याकडं कुणी जेवलं नाही. हे भिंतीला टेकून बसले होते. मी म्हटलं, "शेंगाची चटणी द्या. माझी. सोलापुरात ती फसली असं कुणी ऐकलंय का? दाणे, लसूण, तिखट, मीठ, जिरं. उखळात तेल सुटेस्तोवर कुटायची. बदलायला त्यात आहे काय?"

छापली. रविवारी सकाळी मालकांकडून बोलावणं आलं, दोघांनाही.

मालकांच्या घरी स्वयंपाकघर त्यांच्या थोरल्या बहिणीचं. अक्का. लहानपणी विधवा होऊन माहेरी आल्या आणि आईमागं मालकांना त्यांनीच वाढवलं. मालक साऱ्या गावावर ओरडायचे, पण अक्कांपुढं त्यांचा आवाज चढायचा नाही. घरात छापखाना असून अक्कांचं नाव कधी कुठल्या कागदावर उमटलं नव्हतं. घरच्या लग्नपत्रिकेतसुद्धा नाही.

मालक आणि हे बाहेर पाटावर बसले, मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी. अक्कांनी ज्वारीची भाकरी वाढली आणि शेजारी चटणी. चटणी पांढरी होती!

मी चिमूट जिभेवर ठेवली. लसूण नाही, तो त्या घरात शिजतच नव्हता. त्याच्या जागी हिंग. मालकांच्या पोटाला सोसत नाही म्हणून तिखट नाही, मिरी. पित्त होऊ नये म्हणून दाणे नावाला, बाकी सगळं डाळं आणि सुकं खोबरं. आणि वर गूळ. कुटलेलीसुद्धा नव्हती, पाट्यावर गंधासारखी वाटली होती.

मालकांनी घास खाल्ला. तोंड वाकडं केलं.

"ही तुमची प्रसिद्ध चटणी? अक्का, छापलंय तसंच केलंस ना?"

"तसंच की," अक्का म्हणाल्या. "दोनदा वाचून घेतलं तुझ्याकडनं."

"झालं तर," मालक ह्यांना म्हणाले. "अक्काचा हात चुकायचा नाही. म्हणजे तुमची कृतीच फसवी. वहिनी, तुम्हीच खाऊन सांगा. हीच का तुमची चटणी?"

ह्यांना ठसका लागला. मी हो म्हणावं, तर कृती फसली, सदर गेलं, बिऱ्हाड रस्त्यावर. नाही म्हणावं, तर अक्कांना त्यांच्याच स्वयंपाकघरात खोटं पाडल्यासारखं. मग तर मालक त्याच दिवशी आमचं सामान बाहेर काढणार! अक्का माझ्याकडंच बघत होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

मी आणखी थोडी चटणी वाढून घेतली. सावकाश खाल्ली. मग म्हटलं, "अक्का, ह्याची कृती मला सांगाल का? पुढच्या अंकात तुमच्या नावानं छापू."

मालक बहिणीकडं बघत राहिले. अक्कांचा चेहरा असा उजळला, की मी त्यांना तसं कधी पाहिलंच नव्हतं. त्यांनी हात पुसले, पदर सारखा केला आणि माझ्यासमोर पाटावर नीट मांडी घालून बसल्या.

"घ्या लिहून," म्हणाल्या. "पण खाली एक ओळ मोठ्या अक्षरात टाका बाई. सांगितलंय तसंच करायचं म्हणावं. लोक मेले आपल्या मनानं बदलतात, आणि मग कृतीला नावं ठेवतात!"