टायपिस्टबायचा सौदा

टायपिस्टबाय बापाच्या हातातले कागद आधी कधीच घेत नसे. डिचोलीच्या मामलेदार कचेरीच्या व्हरांड्यात, खांबाजवळच्या टेबलाशी, टायपरायटरवर दोन्ही हात ठेवून ती विचारायची, "चेडवाची जल्मतारीख सांग. कागद बघू नको." चेडू म्हणजे मुलगी. पोरांच्या कॉलेजप्रवेशासाठी प्रतिज्ञापत्रं करायला आलेले बाप तिथेच गडबडायचे. कुणी नुसता महिना सांगे, कुणी "चवथीच्या आदल्या दिसा" म्हणे. मग ती मान न उचलता म्हणायची, "आवयक घेवन यो." आईला घेऊन ये. बाप मुकाट्याने घरी जाई.

मीही असाच परत गेलो होतो, दहा माणसांच्या रांगेदेखत. ती बाई देवमाणूस होती, असं आज सगळी डिचोली म्हणते. म्हणोत. माझा तिच्यावर राग आहे, आणि तो का आहे ते मी लिहून ठेवणार आहे.

मी सिंधुदुर्गातून इकडे आलो तो ट्रकचा क्लीनर म्हणून. क्लीनरचा ड्रायव्हर झालो, ड्रायव्हरचा मालक झालो. खाणीवरचे कंत्राटदार माझ्याशी भाव ठरवताना घाम पुसत. टायपिस्टबाय मात्र मला शेवटपर्यंत "ड्रायवरा" म्हणाली. एकदा मी चिडून म्हटलं, "बाये, मालक आसंय मी." ती म्हणाली, "ट्रकाचो. हांगा चेडवाचो बापूय जावन बस."

बायकांशी ती वेगळी वागायची. मुलगी दहावीला गेली की आईला खादीची पिशवी शिवायला सांगायची, तीन कप्प्यांची. एका कप्प्यात जन्माचे आणि शाळेचे कागद, दुसऱ्यात रहिवासाचे, तिसरा रिकामा. "तो रिकामो कित्याक?" म्हणून माझ्या बायकोने विचारलं. "फीचो. पयली फी सगळ्यांक दिसता. मागीर होस्टेल येता, पुस्तकां येतात, बसपास येता. आतांच्यान घालीत राव." आणि माझ्याकडे वळून, "दुसरो ट्रक फुडल्या वर्सा घी, ड्रायवरा." माझ्या मनातला ट्रक तिला कसा दिसला, देव जाणे. बायकोने सांगितलं असणार.

तर मुलीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची गोष्ट. फाईल दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पणजीला पोचायला हवी होती, आणि तीत गोव्यातल्या सलग रहिवासाचा दाखला हवा होता. त्या 'सलग'पाशीच अडलं. आठवी-नववीची दोन वर्षं मुलगी सावंतवाडीला मामाकडे होती. कारण मी. शाळेच्या सहलीच्या वर्गणीत मी घासाघीस केली, हेडमास्तर म्हणाले, "ही शाळा आहे, म्हापशाचा बाजार नव्हे," आणि मी भर शाळेत त्यांना नको ते बोलून मुलीचा दाखला काढून घेतला. घरी कुणाला विचारलं नाही.

बायकोला घेऊन मी व्हरांड्यात आलो आणि म्हटलं, "लिही, चेडू सगळी वर्सां हांगाच होता."

"फट टायप करिना मी." फट म्हणजे खोटं.

"दुप्पट घे."

तिने कागद रुळातून ओढून काढला.

"तिप्पट घे! पण उद्या दुपारी चेडवाची सीट जातली!" मी ओरडत होतो. बायको माझी बाही ओढत होती.

"जातली," टायपिस्टबाय शांतपणे म्हणाली. "सावंतवाडीच्या शाळेचो कागद तुझ्याच पिशयेंत आसा. तो फट मारिना." मग तिने नवा कागद चढवला. "आवय-बापूय हांगाच आशिल्ले, खरें मू? मगे वाट आसा. खाडो कित्याक पडलो, तें खरें सांग." खाडो म्हणजे खंड.

बायकोच बोलली, "ह्यांच्या रागान."

टायपरायटर खटखटला. तो खटखटाट मला अजून ऐकू येतो. 'हेडमास्तरांशी माझे भांडण झाल्यामुळे मी मुलीला बाहेरगावी पाठवले.' असं वाक्य मी जन्मात सही करून दिलं नव्हतं.

"घरात आनीक कोण शिकता?" तिने मध्येच विचारलं.

"धाकटो. चवथीत आसा. तेकाय मामाकडेच धाडतलंय."

तिने कागद काढला, वाचला. "आतां हेडमास्तराचें पत्र हाड. तेच्याशिवाय जावचें ना." हाड म्हणजे आण.

मी तिथेच भडकलो. तिला, तिच्या मशीनला, सगळ्या कचेरीला ऐकवलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "चार वाजता कचेरी बंद."

साडेतीनला मी हेडमास्तरांपुढे उभा होतो. रस्ताभर जुळवलेली वाक्यं तशीच राहिली. "सर, माझा चुकला," एवढंच निघालं. त्यांनी समोरची खुर्ची पुढे सरकवली. मग म्हणाले, "बसा. चहा घ्या." त्यांनी चिठ्ठी लिहिली, पाकिटात घातली, डकवली. "बायच्याच हातात द्या. धाकटा कुठे असतो?"

पाकीट तिने टायपरायटरखाली सरकवलं आणि सही-शिक्क्यासाठी मला आत पाठवलं. फाईल वेळेत पोचली. मुलीला सीट मिळाली. जूनमध्ये धाकटा पाचवीला त्याच हेडमास्तरांच्या शाळेत गेला. चहा पिऊन आल्यावर त्याला सावंतवाडीला पाठवायला माझं तोंड राहिलं नव्हतं.

पुढे धाकट्याच्या कॉलेजप्रवेशाला मी जन्मतारीख पाठ करून गेलो. बायचे केस पांढरे झाले होते. पिशवीतले कागद चाळून ती म्हणाली, "सगळी वर्सां हांगाच. बरें." दहा मिनिटांत काम झालं. प्रतिज्ञापत्र नाही, पत्र नाही, सीट जायची भीती नाही.

पुढच्या पावसाळ्यात ती गेली. तिच्या भाच्याने पत्र्याची पेटी उपसली आणि लोकांचे राहिलेले कागद घरोघर पोचवले. माझ्या वाट्याला ते पाकीट आलं. तसंच डकवलेलं. तिने उघडलंच नव्हतं.

मी उघडलं. आत हेडमास्तरांचं अक्षर: 'बाय, ह्या कामाला माझं पत्र लागत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पण माणूस आला. चहा पिऊन गेला. बरं वाटलं.'

मी ताडकन उठलो, चपला घातल्या, डिचोलीला निघालो, आणि फाटकाशी आल्यावर आठवलं की तिकडे आता भांडायला कुणी नाही.

आयुष्यात मला सौद्यात कुणी फसवलं नाही, एका तिच्याशिवाय. मुलीच्या एका कागदात तिने मुलाचंही काम करून घेतलं, घेतले ते एकाच कागदाच्या टायपिंगचे पैसे, आणि मला पत्ता लागू दिला नाही. असा सौदा बरोबर नव्हे. समोरच्याला किमान एकदा नाही म्हणायला मिळायला हवं. मी नाहीच म्हटलं असतं, हे तिला ठाऊक होतं.