आई हो म्हणेपर्यंत

गोष्ट नव्वदच्या दशकातली. त्या वर्षी मी देवाशी बोलणं सोडलं होतं. संध्याकाळी दिवा लागे, तो केवळ आईला दिसावा म्हणून. धारवाडात सप्तापूरला दोन खोल्यांत आम्ही दोघीच. मी कॉलेजात इतिहास शिकवायची आणि घरी आल्यावर आई पडल्यापडल्या माझीच शिकवणी घ्यायची. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिचं अंथरूण सुटलं नव्हतं. पाठीला जखम झाली होती. डॉक्टर म्हणाले, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर विष अंगात भिनेल आणि मग डॉक्टरांच्याही हातात काही उरणार नाही. माझी स्वतःची कंबर धरलेली. एकटीनं तिला हलवणं मला जमत नव्हतं.

आई कडक सोवळ्यातली, परक्या हाताचं पाणीही तिला चालत नसे. म्हणून मी नको तो शहाणपणा केला. पगारी बाई ठेवली आणि आईला सांगितलं, आपल्यातलीच आहे, बेळगावकडची. चार दिवस सुरळीत गेले. पाचव्या दिवशी आईनं बोलता बोलता तिला कुलदैवत विचारलं आणि त्या बिचारीनं आपलं खरं काय ते सांगून टाकलं. आईनं आकांडतांडव केलं नाही. तिला चहा द्यायला लावला, गोड बोलून वाटेला लावलं आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता तूही हात लावू नकोस. खोट्या हाताचं मला नको." त्यानंतर मी जवळ गेले की ती खाटेचा दांडा घट्ट धरून ठेवी. ओढाताण करावी तर जखम फाटायची.

कॉलेजातल्या एका बाई म्हणाल्या, हुबळीला दाजीबानपेठेत एका देवळाचं सेवा मंडळ आहे, तिथं जाऊन बघा. मी नाक मुरडलं. टाळ कुटणाऱ्या बायका माझ्या आईचं काय करणार? पण गरज मला होती, गेले. त्यांनी पाण्याची गादी दिली आणि गादीबरोबर शांतक्का दिली. पन्नाशीची, ठेंगणी, कपाळभर कुंकू. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, ओल्या केसांनीच ती हुबळीहून बसनं आली. माझ्याशी चकार शब्द न बोलता आईच्या पायाशी वाकली आणि कानडी अदबीचा 'री' लावून म्हणाली, "आई, हात लावू काय री?"

"तू कोणाची?" आईनं विचारलं.

"विणकराच्या घरची, जुन्या हुबळीची."

"मग नको."

"बरं री," म्हणून शांतक्का उंबऱ्याशी बसली आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या शेंगा सोलू लागली. दोन तासांनी तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा नको. दुसऱ्या दिवशीही तेच. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "अहो, जखम वाढतेय. नुसतं बसायला आलात का?"

"अक्का, आमच्या मंडळात रीत हाय तशी. दुखणं ज्याचं, त्यालाच विचारायचं, घरच्यास्नी नाही. नको म्हटलं तर परत जायचं नाही, बसायचं. देवळाचं दार उघडेपर्यंत आपण बसतो की नाही?"

मला असा संताप आला की बोलायची सोय नाही. तिसऱ्या दिवशी जखमेला वास येऊ लागला. मी जाऊन डॉक्टरांच्या कंपाउंडरला सांगून आले की झोपेचं इंजेक्शन घेऊन अकराला ये. एकदा गाढ झोपली की कूस बदलू, जखम धुऊ.

घरी आले तेव्हा शांतक्का आईला विचारत होती आणि आई नको म्हणत होती. पण म्हणताना तिच्या तोंडाकडे बघत होती. माझ्याकडे तिनं आठ दिवसांत बघितलं नव्हतं. ही परकी बाई आईचा नकार ऐकून घेत होती, आणि मी पोटची लेक तो कसा मोडायचा याचा बेत करून आले होते.  देव्हाऱ्यापुढे जाऊन बसले. मागणं सुचेना. एवढंच म्हटलं, "माझ्यानं होत नाही, आता तूच बघ."

मग आईजवळ गेले. "आई, मी तुझ्याशी खोटं बोलले. आत्ताही तुला झोपवून कूस बदलायचा बेत केलाय, कंपाउंडर येतोय. तू नको म्हण, मी त्याला दारातूनच परत पाठवते. जखम तुझी आहे." मी हमसून रडले.

आईनं माझ्याकडे मान वळवली. मग म्हणाली, "शांते, शेंगा ठेव, हात धू आणि ये. हिला एकटीला झेपायचं नाही."

आईनं दांडा सोडला आणि तो हात शांतक्काच्या गळ्यात टाकला. कंपाउंडर आला तेव्हा आई नव्या गादीवर कुशीवर पडून आम्हाला कुठं काय टोचतंय ते सांगत होती.

याला चमत्कार म्हणावं की नाही, मला ठाऊक नाही. बोलणं सोडण्याआधी मी इतकी वर्षं देवाला कामंच सांगत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा काही सांगितलं नाही, फक्त हात टेकले, आणि माझी आई मला परत मिळाली. त्या मंडळाचे उपकार फिटायचे नाहीत.

जखम भरायला तीन महिने लागले. मंडळानं शांतक्काला उणकलच्या एका घरी पाठवायचं ठरवलं. आईला सांगायला माझी जीभ रेटेना. दोन दिवस टाळलं, शेवटी सांगितलं. आईचे डोळे भरून आले, पण ती म्हणाली, "जाऊ दे तिला. तिथं कुणीतरी नको म्हणत असेल."