‘तिलेच विचार’ असं मी म्हणालो

ही गोष्ट मी माझ्या बायकोला सांगितलेली नाही. सख्ख्या भावाला नाही, जुन्या मित्राला नाही. देवासमोर बसूनसुद्धा ती कधी पूर्ण वाक्यात मनात येऊ दिली नाही — अर्ध्यावर आली की उठायचो आणि घंटी वाजवायचो. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून कदाचित तुमच्यापाशी जमेल. बघतो.

आम्ही मोताळ्याचे. मी जवळच्या एका खेड्यातल्या शाळेवर मास्तर. बायको सुनंदा. मोठी मुलगी कल्याणी, तेव्हा चौथीत होती. धाकटा वेदांत, आमचा वेदू, अंगणवाडीत जायचा. म्हणजे जायचा म्हणायचं, बहुतेक घरीच असायचा, कारण तो सतत आजारी. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, हातपाय काड्या. खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. जंताचं औषध झालं, नजर काढून झाली, टॉनिकच्या बाटल्या झाल्या. शेवटी अकोल्याच्या एका डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, याला गहू चालत नाही. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही.

त्यांनी नीट समजावलं. आतडी आतून सोलवटली आहेत, गहू बंद झाला की हळूहळू भरून येतील. पण बोटभर जरी पोटात गेला तरी पुन्हा मागे. सुरुवातीला घरातच गहू ठेवू नका, सगळ्यांनी मिळून सोडा, म्हणजे पोराला एकटं वाटणार नाही. पोरगं रडेल, ताट फेकेल — धीर सोडू नका. आणि माझ्याकडे बघून हसून म्हणाले, तुम्ही तर मास्तर, तुम्हाला धीर काय शिकवायचा!

मीही हसलो होतो.

सुनंदानं दुसऱ्याच दिवशी घर रिकामं केलं. गव्हाचं पोतं शेजारी गेलं. रवा, मैदा, शेवया, टोस्ट, सगळं गेलं. बाजारच्या हिंगातही गव्हाचं पीठ असतं हे कुठूनसं कळल्यावर हिंगाची डबीसुद्धा गेली. गिरणीत गव्हावर ज्वारी दळली तर पीठ मिसळणार, म्हणून घरीच दळायची घरघंटी आणली. आणि मग सुरू झालं ते — काय म्हणू त्याला? रोजची लढाई म्हटलं तर सुनंदाला आवडायचं नाही. ती त्याला लढाई मानतच नव्हती.

वेदूला पोळी हवी असायची. सकाळी पोळी, दुपारी पोळी. “मले पोळी पायजे,” एवढंच. भाकरी टोचते म्हणायचा. सुनंदा भाकरीचं कासव करायची, चांदोबा करायची, ताकात कुस्करून द्यायची, तांदळाची घावनं घालायची. तो ताट ढकलायचा. ती सांडलेलं गोळा करायची आणि पुन्हा बसायची त्याच्यासमोर. त्या सगळ्या दिवसांत तिनं त्याच्यावर एकदाही हात उगारला नाही. मी पाहिलंय.

आणि कल्याणी? ती तर निमूट भाकरी खायची. तिला काही झालेलं नव्हतं, तरी. एकदा मैत्रिणीच्या वाढदिवसाला केक खाऊन आली, तर दारातूनच सांगितलं, “आई, मी खाल्ला केक. पण तोंड धुऊन आली.” अशी पोर.

मी मात्र — हेही सांगूनच टाकतो — शाळेत डबे उघडले की दुसऱ्यांच्या डब्यातली पोळी खायचो. मोटरसायकलच्या डिकीत बिस्किटाचा पुडा असायचा. घरी ताटावर बसून “वा, काय भाकरी झाली!” म्हणायचो, पोरांना ऐकू जाईल असं. मोठा माणूस आहे, त्यानं कोणाचं काय बिघडतं, असं वाटायचं.

मग तो दिवस आला. सुनंदाच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन नांदुऱ्याला होतं. ती सकाळच्या बसनं गेली, संध्याकाळी परत येणार होती. मी रजा टाकली. जाताना तिनं सगळं झाकून ठेवलं होतं — भाकरी, वरणभात, राजगिऱ्याचा लाडू. म्हणाली, “तो नाही म्हणंन. तुमी बसा फक्त त्याच्यापाशी. घाई नका करू.”

कल्याणी शाळेत गेली. आम्ही दोघंच उरलो. वेदूनं भाकरी ढकलली. भात थुंकला. लाडू भिंतीवर मारला. मी समजावलं, गोष्ट सांगितली, घोडा झालो. तो रडत राहिला. ते रडणं कसं होतं ते आईबापांनाच कळेल — दम लागायचा, थांबायचा, आता संपलं वाटायचं आणि पुन्हा सुरू. “पोळी. पोळी. पोळी.” दुपार झाली. माझं डोकं उठलं. एक क्षण असा आला की त्याला उचलून आपटावंसं वाटलं. मग मी बाहेर गेलो, डिकी उघडली आणि पुडा घेऊन आत आलो.

एकच देणार होतो. खरंच का? माहीत नाही. त्यानं पहिलं खाल्लं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला सगळं जग परत दिलं होतं. किती दिवसांनी तो हसला होता! चहात बुडवून मी त्याला दुसरं दिलं, तिसरं दिलं. पुडा संपेपर्यंत देत राहिलो. घर शांत झालं. आणि त्या शांततेत मी त्याला म्हणालो, “आईले सांगायचं नाही हं. आपली गंमत.” त्यानं मान हलवली आणि माझ्या मांडीवर झोपून गेला.

तेवढ्यात फाटक वाजलं. कल्याणी आली होती. माझ्या हातात रिकामा पुडा होता, तो मी समोरच्या फडताळात कोंबला. ते तिच्या पुस्तकांचं फडताळ होतं. घाईत लक्षात आलं नाही, असं मी आजवर स्वतःला सांगत आलोय. तुम्हाला काय वाटतं? त्या घरात मी रोज राहत होतो.

संध्याकाळी सुनंदा आली तेव्हा वेदूला उलट्या सुरू झाल्या होत्या. मग जुलाब. पोर पिळून निघत होतं. रात्रभर तिनं त्याला कुशीत धरलं, सकाळी दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. इतक्या दिवसांचं सगळं वाया — ती ओरडली नाही, पण तिच्या तोंडावर ते दिसत होतं. घरी आल्यावर तिनं एकेक डबा हुंगला, एकेक भांडं पाहिलं. आणि तिला तो पुडा सापडला.

कल्याणी दप्तर भरत होती. सुनंदानं पुडा तिच्यापुढे धरला. “काऊन दिलं तू त्याले?”

“मी नाई दिलं, आई.”

“मग हे इथं कसं आलं?”

“मले नाई माहीत.”

सुनंदा माझ्याकडे वळली. तिला माझ्यावर संशय नव्हता, हे लक्षात घ्या. ती फक्त विचारत होती, मी घरात होतो म्हणून. “तुमाले काही माहीत आहे का?”

हे ते वाक्य. मी गप्प बसलो असतो तर भ्याडपणा झाला असता, तेवढाच. पण मी गप्प बसलो नाही. मी म्हणालो, “तिलेच विचार.”

सुनंदानं मग वेदूला विचारलं. तो खाटेवर पडला होता, डोळे खोल गेलेले. “बिस्किट ताईनं दिलं का तुले?” त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं. एवढंसं पोरगं, पण माझ्याकडे पाहिलं. आणि मान हलवली — हो.

सुनंदानं कल्याणीच्या थोबाडीत मारली. आयुष्यात एकदाच, ती तेवढीच. आणि म्हणाली, “तुले भाऊ नको होता का?”

कल्याणी रडली नाही. गाल धरून उभी राहिली. तिनंही माझ्याकडे पाहिलं. मी चप्पल घालून औषध आणायला गेलो. औषध घरात होतं.

त्यानंतर पोरगी बदलली. कोणी म्हणेल, चांगली बदलली. वेदूजवळ जायच्या आधी हात धुवायची. दिवाळीत मामाकडे गेली की परतल्यावर कपडे बदलायची, कुठं पिठाचा कण असेल म्हणून. लग्नाच्या पंगतीत स्वतः जेवायची नाही, भावाच्या पाठीशी उभी राहायची आणि वाढणाऱ्यांना सांगायची, त्याले पोळी नका वाढू. पाहुणे म्हणायचे, “सर, पोरगी लय जपते हो भावाले!” मी हसून मान डोलवायचो. ती कशानं जपते हे मला ठाऊक होतं. लहान पोर होती, आणि नोकरीवरून काढतील या धास्तीतल्या माणसासारखी वागत होती.

वेदू बरा झाला. सुनंदाच्या धिरानं झाला. आता उंचीनं माझ्या डोक्यावर गेलाय, भाकरीशिवाय जेवत नाही. ती दुपार त्याला आठवत नाही. मी एकदा आडून विचारलं होतं. म्हणाला, “ताईनं बिस्किटं दिली होती ना? आई सांगते.” तो माझं खोटं खरं समजून मोठा झालाय.

कल्याणी बुलढाण्याला नर्सिंगला आहे. मागच्या सुट्टीत आली होती. ओसरीत आम्ही दोघं ज्वारी निवडत बसलो होतो. तिनं एक सूप निवडून संपवलं. मग खाली बघतच म्हणाली, “बाबा, वेदूनं बिस्किटं खाल्ली होती, आठवते तुमाले?”

माझे हात थांबले. वाटलं, आलं. कळलं हिला. आणि खरं सांगू? बरं वाटलं मला.

“मी तवा नाई म्हणली होती,” ती म्हणाली. “पण मले वाटते, मीच दिली असतील. मले आता नीट आठवतच नाई. पण वेदू खोटं कायले बोलंन? तो तं एवढासा होता. अन् पुडा माझ्याच पुस्तकात होता. दिली असतील मी, अन् भेऊन खोटं बोलली असंन. तुमच्यासमोर, आईसमोर. मले लय दिवसांपासून सांगायचं होतं.”

तेव्हा बोलायचं होतं. दुसरं कोणी घरात नव्हतं, घाई नव्हती, रडणारं पोर नव्हतं. समोर माझी लेक होती, न केलेला गुन्हा कबूल करत. चार शब्द पुरले असते.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणालो, “जाऊ दे बेटा. लहान होतीस तू. आम्ही कवाच माफ केलं तुले.”

“आईले सांगू का?”

“नको,” मी म्हणालो. “कायले उगाच.”

तिनं ओढणीनं डोळे पुसले. मोकळा श्वास घेतला, मला ऐकू आला तो. मग माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाली, “बाबा, तुमी कधीच बोलले नाही मले त्याच्यावरून. एकदाही नाही.”

मी मान डोलावली आणि म्हणालो, “हाव.”