जळक्या मिलच्या जिन्यावर

मी शिकवते त्या शाळेत प्रार्थना चालू होती, तेव्हा प्रतिभाताईंच्या भावाचा फोन आला. “वंदना दीदी, ताई गेली... झोपेतच,” एवढंच तो बोलू शकला. महिना होत आला, पण अजून फोन वाजला की मी आधी नाव पाहते.

ताई आमच्या रांझी वस्तीतल्या शेजारीण. जळालेल्या रुग्णांच्या वॉर्डात त्यांनी नर्स म्हणून सगळी नोकरी काढली. निवृत्त झाल्यावर कॅमेरा घेतला आणि आगीत जळून ओस पडलेल्या इमारतींचे फोटो काढत हिंडू लागल्या. लोकांना ते विचित्र वाटे. खरं सांगायचं तर मलाही.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर त्या मला सिहोऱ्याला घेऊन गेल्या. गावाबाहेर एक जळकी राइस मिल होती. बाहेर कोवळं ऊन, कापणीला आलेलं धान, आणि आत पाऊल टाकताच काळ्या भिंती, लोंबकळणारे पत्रे, इतक्या वर्षांनीही धुराचा वास... ताई खाली फोटो काढत होत्या. मी उगाच लाकडी जिन्याने वर गेले. जिना वरून धड दिसत होता, पण खालून पार जळलेला होता. उतरताना पायरी मोडली आणि माझा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. अख्खा जिना हलला. डोळ्यांपुढे माझी मुलगी आली.

ताईंनी कॅमेरा जमिनीवर ठेवला. “हलू नको वंदना. खाली नको पाहू, माझ्याकडं पाह. काहून घाबरून राहिली? मी आहे न इथं. चलो, आता पाय हळू काढ... भिंतीकडं सरक... बसूनच उतर.” आवाज इतका शांत, जणू ताप मोजत होत्या. मी सरकत असताना कठडा धाडकन खाली कोसळला. त्यांनी नजर हलवली नाही, म्हणून मीही नाही हलवली.

मग रस्त्यावरच्या टपरीवर चहा घेतला, तर त्यांना ग्लास धरता येईना. चहा साडीवर सांडला.

“ताई, इतकी भीती वाटते तर येता कशाला अशा जागी?”

त्यांनी ग्लास बाकावर ठेवला. “वॉर्डात माणसं यायची न... ती जिथं जळली, ते घर मी कधी पाह्यलंच नाही. मनानं रचलेलं घर लय भयंकर असते, वंदना. त्यापेक्षा हे पाह्यलेलं बरं.”

परवा ताईंना श्रद्धांजली वाहण्याचा, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपल्यावर भावाने मला त्यांच्या खोलीत नेलं आणि खाटेखालून फोटोंचा डबा काढून माझ्या हाती दिला. प्रत्येक फोटोमागे बारीक अक्षरात गावाचं नाव आणि एक ओळ होती. ‘आत कोणी नव्हतं.’ ‘आत दोघं होती.’ ‘आत आई आणि बाळ.’ आग लागली तेव्हा आत कोण होतं, हेच त्यांनी गावोगाव विचारलं असणार. सिहोऱ्याच्या मिलचा फोटो सापडला, तो उलटायचं धाडस होईना. शेवटी उलटला.

‘आत वंदना होती. बाहेर आली.’